दत्ताचा आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही. तुम्हाला सांगावं की नाही, तेही अजून ठरत नाहीये. पण लिहायला बसलोय खरा.

एस्टोनियात एक ब्लॅक मेटल बँड आहे. तोंडाला भुतासारखा रंग फासून, घसा फाडून ओरडायचं संगीत—तुम्ही दुसऱ्या मिनिटाला बंद कराल. तिघं जण, खेड्यातल्या एका गोठ्यात वाजवायचे. फोटो नाहीत, नावं नाहीत. शंभरेक कॅसेटी काढायच्या आणि ओळखीतल्यांना पोस्टानं धाडायच्या, एवढाच पसारा. गेल्या महिन्यात त्यांनी आपला इतिहास छापला. त्यात औरंगाबादचं नाव आहे—तेव्हाचं. आणि माझंही.

माझं का असावं?

कॉलेजात असताना मी आणि दत्ता असलंच काहीतरी वाजवायचो. तो देवगाव रंगारीचा, शेतकऱ्याघरचा. मी गिटार बडवायचो, तो ओरडायचा. आवाज घुमावा म्हणून भर दुपारी त्यांच्या शेतातल्या कोरड्या विहिरीत उतरायचा, मी काठावर रेकॉर्डर धरून बसायचो. ऐकताना अंगावर काटा यायचा. आणि—सांगूनच टाकतो—पोटात दुखायचं.

इंग्रजी माझं बरं, म्हणून पत्रव्यवहार माझ्याकडं. मी ते रेकॉर्डिंग, एकच प्रत होती, एस्टोनियाला पाठवलं. उत्तर आलं, गिटार राहू द्या, हा आवाज आमच्या कॅसेटच्या सुरुवातीला हवाय. स्वतःची नावं ते छापत नसत, पण पाहुण्याचं छापू म्हणाले. कोण ओरडतंय?

मी लिहिलं—मी.

दत्ता विचारत राहिला, काही आलं का. मी नाही म्हणत राहिलो. शेवटी त्यानं नाद सोडला, शेंद्र्याला कंपनीत लागला, लग्न केलं. त्यांची छापील कॅसेट पोस्टानं आली, ती माझ्या कपाटात गेली, स्वेटरखाली.

एवढंच असतं तर कदाचित मी लिहिलंही नसतं.

चार वर्षांपूर्वी दत्ताच्या घशात कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागलं. तो वाचला, कामावर जातो, मोबाईलवर टाइप करून बोलतो. मुलगी मनू तेव्हा तीन वर्षांची होती. तिला बापाचा आवाज आठवत नाही. जुना मोबाईल बिघडला, आणि लग्नाच्या व्हिडिओत सगळीकडं वरून गाणी टाकलेली.

रविवारी त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो. दत्ता हात धुवायला गेला, तशी मनू माझ्याजवळ येऊन बसली.

"काका, पप्पाचा आवाज तुमच्याकडं रेकॉर्ड केलेला हाय का?"

हो म्हणायला किती वेळ लागतो? माझं घर तिथून वीस मिनिटांवर. पण कॅसेट दिली की वरचं माझं नाव ती वाचणार—दत्ता वाचणार.

"नाही गं बाळा," मी म्हणालो.

मग तिनं विचारलं, कसा होता? मला तर तो आवाज तिथंच, ताटावर बसल्या बसल्या, विहिरीतून येताना ऐकू येत होता.

"साधाच होता."

दत्ता हात पुसत दारात उभा होता. मनूनं त्याच्याकडं पाहिलं. तो हसला, आणि बरोबर आहे अशी मान हलवली. मग त्यानं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, आणि मी ती खाल्ली.

आज गुरुवार. कॅसेट अजून कपाटातच आहे.