सहा आणि शहात्तर

ऑफिसातले काका वारल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या दोनशे टेस्ट माझ्या गळ्यात पडल्या. धाराशिवात आमची सात-आठ माणसांची कंपनी. गावोगाव फिरणाऱ्या एका दवाखान्याच्या गाडीसाठी आम्ही प्रोग्राम केला होता. कुणाला कुठली गोळी चालू आहे याची यादी त्यातून निघायची, यादीप्रमाणे पाकिटं भरली जायची आणि गाडी महिन्यातून एकदा गावात जायची. टेस्ट म्हणजे या प्रोग्रामची परीक्षा घेणारे छोटे प्रोग्राम. छोटे असावेत अशी अपेक्षा. काकांचे छोटे नव्हते.

काका परंड्याचे. आयुष्यभर कंपाउंडरकी केली आणि उतारवयात टेस्टिंग शिकले. प्रत्येक टेस्ट पहिल्यापासून लिहायचे: गाव उघडा, पेशंट नोंदवा, डॉक्टर निवडा, गोळी लिहा. चाळीस ओळी. पुढच्या टेस्टला त्याच चाळीस ओळी डकवायच्या आणि एखादा शब्द बदलायचा. मी चिडायचे. म्हणायचे, "काका, हे एकदाच लिहून सगळीकडं वापरता येतं हो."

"पेशंट येतो तवा पैल्यापासनंच सांगतो की, पोरी. निम्म्यातनं कोन सांगतंय?" चष्मा पुसत ते म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी. मग एका सकाळी परंड्याची बस आली आणि काका आले नाहीत.

साहेबांनी सांगितलं, टेस्ट चालायला फार वेळ लागतो, आटोपशीर करा. मला तर हवंच होतं. त्यांच्याच खुर्चीवर बसून मी चाळीस-चाळीस ओळी काढत गेले. पण काढताना वाटायचं, आपण कुणाचं तरी बोलणं तोडतोय. पाठीमागं कुणीतरी चष्मा पुसत उभं आहे, असंही वाटायचं. मी भुताखेतांना मानत नाही. तरी दुसऱ्या दिवशी खुर्ची फिरवून पाठ भिंतीला लावून बसले.

सारखा मजकूर शोधून देणारं एक साधन असतं. त्यानं दोन टेस्ट शेजारी शेजारी आणून ठेवल्या. दोन्हींत पेशंटचं नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच, फोन नंबरसुद्धा तोच. पेशंट नोंदवला की नवीन कार्ड निघालं पाहिजे, एवढंच दोन्हींत तपासलं होतं. फरक फक्त वयाचा. एकीत शहात्तर, दुसरीत सहा. कॉपी करताना म्हाताऱ्याचं बोट घसरलं असणार, असं मी ठरवलं. विचारायला माणूस नव्हता. सहावाली काढून टाकली. दोनशेच्या साठ टेस्ट झाल्या, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

पुढं दोनेक महिन्यांनी वयाचाच घोळ निघाला. आपल्याकडं वय विचारलं की "आसंल साठीच्या म्होरं" असं उत्तर येतं, आणि दर खेपेला वेगळं येतं. त्यामुळं एकाच माणसाची दोन-तीन कार्डं व्हायची. मी प्रोग्रामचं पेशंट ओळखताना वय बघणंच बंद केलं. टेस्ट चालवल्या. साठच्या साठ हिरव्या, म्हणजे पास.

मग एका दुपारी गाडीवरच्या सिस्टरांचा फोन आला. "मॅडम, जळकोटच्या आतल्या वस्तीवर एक पोरगी हाय, फिटच्या गोळ्या चालू हायत. यादीत तिचं नावच न्हाय. उघडून बघितलं तर मयत दाखवतंय. पोरगी तर जित्ती हाय."

अर्ध्या तासात मला सगळं कळलं. पोरीची आजी वारली होती. नातीला आजीचंच नाव ठेवलेलं आणि घरात फोन एकच. मी वय काढल्यावर प्रोग्रामनं दोघींचं एक कार्ड केलं, आणि आजी गेल्याची नोंद झाली तशी नातही गेली. काकांची ती सहावाली टेस्ट असती, तर शहात्तरवालीच्या पाठोपाठ चालताना नवीन कार्ड निघत नाही म्हणून त्याच दिवशी लाल झाली असती. नातीला आजीचं नाव ठेवतात हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझं स्वतःचं नाव आजीचं आहे. पण स्क्रीनवर मला त्या दोघी माणसं म्हणून दिसल्याच नाहीत.

मागच्या खेपेला गाडी तिला गोळ्या न देता गेली त्याला तोवर महिना झाला होता. त्या महिन्यात पोरीला चुलीजवळ फिट आली होती.

मी प्रोग्राम दुरुस्त केला, टेस्ट परत आणली आणि पाकीट घेऊन स्वतः गाडीबरोबर गेले. पोरगी उंबऱ्यावर बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. तिच्या आईनं मला चहा दिला. मी धीर करून म्हणाले, "ताई, गोळ्या माझ्या चुकीमुळं थांबल्या. कॉम्प्युटरात मी चूक केली होती."

"तुमी कशाला अंगावर घेताव, बाई?" ती म्हणाली. "म्हातारीचा लई जीव होता हिच्यावर. जाताना संगं न्यायला बघत होती. तिच्या नावाची ना ही. समदी वस्ती तेच म्हनतीया. आता आमी त्या नावानं हाक मारत न्हाय. साळंतबी दुसरं घातलंय."

मी पुन्हा सांगायला हवं होतं. त्या म्हातारीनं नातीचं काही वाकडं केलं नाही, हे ओरडून सांगायला हवं होतं. मी कपातला चहा संपवला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज आजही जात नाही.

पाकिटावर बोट ठेवून आई म्हणाली, "ह्याच्यावरलं नावबी बदलून द्या की. पुन्ना नगं ते."

मी तिथंच ओट्यावर लॅपटॉप उघडला. पोरीचं नवीन नाव आईला विचारून घातलं. यादीत आजीच्या नावाचं आता एकच माणूस उरलं, आणि त्याच्यापुढं मयत.