शीळ घालणारी घरगाडी

आमच्या घरात शीळ घालायची सोय नव्हती. बायको म्हणायची, घरात शीळ घातली की साप येतो. मी जन्मभर न्हावा शेव्याला कंटेनरचे ट्रेलर हाकले, तोंडाला शीळ चिकटलेलीच. मग मी ती अंगणात घालायचो, नाहीतर गाडीत.

म्हातारपणी आम्ही एक जुनी मिनीबस घेतली आणि तिची घरगाडी केली. आत पलंग, गॅस, हात धुवायला नळ. बायको म्हणाली, हे घर. मी म्हटलं, स्टेअरिंग आहे ना, मग गाडी. मला शीळ घालायची होती, एवढंच. ती वाद घालत बसली नाही. दारावर जी पत्र्याची पन्हळ आहे तिला तिने स्क्रूने दोन हूक बसवून घेतले. गाडी जिथे उभी राहील तिथे दाराला तोरण लटकायला लागलं.

गेल्या वर्षी ती गेली. लोक सांगतात, दिवस जातील तसं हलकं होतं. खोटं आहे.

ती गेली आणि गाडी शीळ घालायला लागली. काटा साठच्या पुढे सरकला की बारीक, लांबलचक. लेक पुण्याहून आली होती, तिला मुरूड दाखवून आणलं. परतताना ती कानांवर हात ठेवून बसली. आईने ठरवलेली श्रीवर्धनची फेरी आपण दोघांनी करू, असं मी म्हणालो, तर उतरता उतरता म्हणाली, "बाबा, आधी ही शीळ बंद करा, नाहीतर गाडी विका. मी परत हिच्यात बसायची नाही."

विकतोय कशाला. मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, बोलावलं. तोही माझ्यासारखाच रिकामा, भातकापणी उरकलेला. मी चालवणार आणि त्याने मागे कान लावून फिरायचं, असं ठरलं. खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्टी लावली, आरशांना लावली, टपावरच्या झरोक्याला लावली. गाडी जखमी माणसासारखी दिसायला लागली. मेहुणा आधी मागून हाळी द्यायचा, इथं न्हाय, इथं बी न्हाय. मग गप्प झाला. मला वाटलं, मन लावून ऐकतोय. आरशात बघितलं तर पलंगावर आडवा होऊन घोरत होता. पुढचा स्पीडब्रेकर मी मुद्दाम जोरात घेतला.

मांडव्याला चहा घेताना जेट्टीवरचं निशाण फडफडत होतं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. अलिबागहून मांडव्याला येताना शीळ वाजते, परत जाताना नाही. मुरूडलाही तेच, जाताना गप्प, येताना बोंब. दोन्ही वेळा समुद्र डाव्या हाताला, वारा तिकडूनच. आणि डाव्या बाजूला काय आहे? दार.

पायरीवर चढून दारावरून हात फिरवला. पन्हळीला दोन भोकं, करंगळीलाही कळतील एवढी. हूक मीच काढले होते. माणूस गेलं की आमच्याकडे वर्षभर दाराला तोरण लावत नाहीत. घराचं काढलं तसं हिचंही काढलं. हूक नुसते बघवेनात म्हणून तेही काढले. वारा त्या भोकांवर फुंकर घालत होता, रिकाम्या बाटलीवर पोरं घालतात तशी.

मेहुणा वडापाव खात ऐकत होता. घास गिळून म्हणाला, "गाडीचं सुतक कोन पाळतं, भावोजी? पाळलंत, म्हंजी घरच हाय की ते."

घर की गाडी, एवढाच वाद, आणि ती मेल्यावर जिंकली. मला हसू आलं. मग डोळे पुसावे लागले. मेहुण्याने समुद्राकडे तोंड फिरवलं आणि माझ्या वाटचा वडाही खाल्ला.

वर्षश्राद्ध झालेलं होतंच. भोकांत सिलिकॉन भरून हूक परत बसवले. लेकीला फोन केला. आली, पण आधी मांडव्यापर्यंत नेऊन दाखवा म्हणाली, मग श्रीवर्धनचं बोलू. आईवर गेली आहे.

चोंढीच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला. काटा साठच्या वर गेला, डावीकडून वारा लागत होता, पण आत शांत. इतकं शांत की माझ्याच तोंडून शीळ निघाली.

लेकीने समोरचा रस्ता सोडून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बाबा," म्हणाली, "घरात शीळ घालू नये."

मी तोंड मिटलं. मांडव्याला गाडी वळवली आणि श्रीवर्धनच्या रस्त्याला लागलो.