हेंकच्या कव्हरवरचा कप्तान

हेंकचं पुस्तक गुरुवारी छापायला जाणार होतं. मंगळवारी दुपारी मला त्याच्या कव्हरवरच्या कप्तानाबद्दल शंका आली. पंचाईत अशी, की या कप्तानाला हेंकचा पूर्वज म्हणून मीच पास केलं होतं.

लोकांच्या वंशावळी शोधून देणं हा कॅनबेरातल्या आमच्या छोट्या ऑफिसचा धंदा. हेंक शहाऐंशी वर्षांचे, लहानपणी बोटीने हॉलंडहून आलेले. नातवंडांना खरं काय ते कळावं, म्हणून पुस्तकाचा घाट. त्यांचा पूर्वज यान लाकडी पिंपं बनवायचा, एवढं नक्की होतं. पण चर्चच्या वहीत एकाच वर्षी दोन यान जन्मलेले: एक जहाजाच्या कप्तानाचा, दुसरा पिंपवाल्याचा. हेंकची मुलगी इन्ग्रिड हिला कप्तान हवा होता. कप्तानाच्या मुलाने पिंपं का बनवावीत? तर जहाजाला पिंपं लागतात म्हणून, असं ती म्हणाली आणि मला पटलं. पूर्वज निवडायची सोय असली की पिंपवाला कोणी निवडत नाही.

शेवटची तपासणी म्हणून मी गिल्डच्या वहीचे स्कॅन उघडले. गिल्ड म्हणजे एका धंद्यातल्या कारागिरांची संघटना. तिथे मास्टर झाल्याशिवाय गावात दुकान काढता येत नसे, आणि मास्टर व्हायला आधी काही वर्षं उमेदवारी. बापच त्या गिल्डमध्ये मास्टर असेल, तर मात्र सूट.

यानचं नाव सापडलं. पुढे शेरा: मास्टरचा मुलगा, सूट दिली.

मी उठले, किचनपर्यंत गेले, परत येऊन पुन्हा वाचलं. पिंपवाल्यांच्या गिल्डमध्ये कप्तानाचं काय काम? आणि थाप मारून सूट मिळणंही अवघड, कारण गावातले सगळे पिंपवाले एकमेकांना ओळखून.

बॉस कॅरनला सांगितलं. ती म्हणाली, "क्लायंट खूश आहे, मेट. राहू दे कप्तानाला."

"पण तो त्यांचा नाहीच."

हेंकना फोन मीच केला. चूक माझी, हेही सांगितलं. ते म्हणाले, "त्याची पिंपं गळायची का?"

"वहीत तक्रार तरी नाही."

"मग कव्हरवर त्याला घे."

पिंपवाल्याचं चित्र कुठून आणणार? वहीचं ते पानच लावलं, शाईच्या डागासकट. इन्ग्रिड माझ्याशी अजून तुटक बोलते. हेंकनी दहा प्रती जास्तीच्या मागवल्या.

आता मी काम उलट्या बाजूने करते. ज्या कागदात मिरवण्यासारखं काही नाही, तो आधी वाचते. तिथे खोटं लिहायची सहसा कोणाला गरज पडलेली नसते.