चढावर गप्प बसायचं नाही

सायकलवर बसल्यावर इंगोले साहेब शेजारच्याला गप्प बसू देत नसत. क्वार्टर्सपासून सेक्टर नऊमधल्या ऑफिसपर्यंत रोज सकाळी आम्ही दोघे बरोबर जायचो आणि वाटभर त्यांच्या प्रश्नांची सरबत्ती चालायची. रात्री भाजी कशाची होती? धाकटीचा खोकला थांबला काय? काहीच सुचलं नाही तर, "राजा, एकोणतीसचा पाढा म्हण." चाळिशीचा मी, सेक्शन सांभाळणारा माणूस, चंडीगडच्या रस्त्यावर मोठ्यानं पाढे म्हणत सायकल हाणतोय आणि येणारेजाणारे हसतायत! मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण साहेबांचा नियम पक्का होता : "तोंड चाल्लं पाहिजे. बोलणं तुटलं, की पाय खाली."

इंगोले साहेब अमरावतीकडचे. बदल्यांमागून बदल्या होत पंजाबात येऊन पडलेले, निवृत्तीला दीड-दोन वर्षं राहिलेले, अंगानं काटकुळे. चंडीगड सपाट आहे असं सगळ्यांना वाटतं. ते डोंगराकडे हळूहळू चढत जातं हे मला त्यांनीच दाखवलं. "स्कूटरवाल्याले चढ समजत नाई. मांडीले विचार, मांडी सांगते," म्हणायचे.

माझी त्यांची गट्टी जमली ती भीतीपोटी. माझे वडील बेचाळिसाव्या वर्षी, सांगलीला, चहा पिता पिता गेले. हृदय बंद पडलं. मला चाळिसावं लागलं, पोट सुटलं, दोन जिने चढलं की धाप लागू लागली, तशी माझी झोपच उडाली. बायकोला सांगायची छाती नव्हती. एकदा जिन्यात धापा टाकताना साहेबांनी पकडलं आणि मी सगळं ओकून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "स्कूटर झाकून ठेव. सायकल घे. पण आधी डॉक्टरले दाखव."

आठ दिवसांनी विचारलं, "दाखवलं काय?"

"दाखवलं. म्हणाले, काही हरकत नाही," मी ठोकून दिलं. डॉक्टर काय सांगेल याचीच तर भीती होती!

बायकोनं घर डोक्यावर घेतलं. दिवस अतिरेकी हल्ल्यांचे. संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडायचे, नाक्यानाक्यावर पोलीस झडती घ्यायचे, बातम्या लावायचं धाडस होत नसे. अशात सायकल? साहेब तिला म्हणाले, "सूनबाई, गोळी काई वाहन पाहून येत नाई. पोट मात्र बसून बसूनच येते." ती हसली आणि तिथेच हरली.

आणि खरं सांगतो, तीन महिन्यांत मी माणसात आलो. पट्टा दोन भोकं आत गेला, झोप लागू लागली, मुलांवर खेकसणं कमी झालं. पण आमची मूळची खोड! जरा जमायला लागलं की आम्हाला शर्यत सुचते. मी चढावर साहेबांना मागे टाकून पुढे पळू लागलो. एक दिवस कॅंटीनमध्ये, चार लोकांसमोर, त्यांनी मला झापलं. "शर्यत लावाची असंल तर एकटा जात जा. माह्यासंगं नको."

झालं, आम्ही फुगलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर निघालो, पण तोंड उघडायचं नाही असं ठरवूनच. थंडीचे दिवस, धुकं दाट. भाजी विचारली, गप्प. पाढा सांगितला, गप्प. निम्मी वाट झाली आणि छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं. मला वाटलं, रात्रीचे पकोडे. तसंच रेटत राहिलो. साहेबांशी आज बोलायचं नाही ना!

अचानक साहेबांनी सायकल माझ्या आडवी घातली. "रुसला का दम तुटला? एक शब्द बोल. शिवी दे, पण बोल!" शिवी द्यायची इच्छा पुष्कळ होती. शब्दच फुटेना. डावा हात बधिर झालेला, कपाळावर घाम. त्यांनी मला धरून झाडाखाली बसवलं.

मग ते रस्त्यावर उभे राहून गाड्यांना हात करू लागले. कोण थांबणार? धुक्यात मफलर गुंडाळलेला माणूस, हातात पिशवी, पिशवीत डबा. त्या काळी बेवारशी डबा दिसला तरी लोक लांबून पळायचे. दोन गाड्या वेग वाढवून निघून गेल्या. तेव्हा या माणसानं काय करावं? पिशवी फेकली, डब्याचं झाकण काढलं आणि पोळ्या, भाजी सगळ्यांना दिसेल असा उघडा डबा दोन्ही हातांत धरून भर रस्त्यात मधोमध उभे राहिले. "रोटी है! देख लो, रोटी है! मेरा आदमी मर रहा है!"

दुधाची एक मॅटाडोर गाडी थांबली. सरदारजींनी डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ओ बैठो जी, रोटी से क्या डरना!" आणि मला उचलून आत घातलं.

हॉस्पिटलमध्ये तीन आठवडे काढले. डॉक्टर म्हणाले, "दुखणं जुनंच होतं. सायकलीनं ते वेळेवर दाखवलं. पण तपासल्यावाचून चढावर दामटलीत, हा शुद्ध गाढवपणा. आणखी थोडं रेटलं असतंत तर संपलं होतं." साहेब शेजारीच होते. माझी थाप अशी उघडी पडली. ते उठून बाहेर गेले. त्यांच्या रागावण्यापेक्षा ते मला जास्त लागलं. पुढे डॉक्टरांच्या परवानगीनं आधी चालणं आणि मग सायकल सुरू झाली, ती त्यांच्याच सोबतीनं, मुंगीच्या पावलानं.

ते निवृत्त होऊन निघाले तेव्हा मी स्टेशनवर गेलो. म्हटलं, "साहेब, मी रुसलो होतो. दुसरा कुणीही म्हणाला असता, राहू दे फुगलेला. तुम्ही कसं ओळखलंत?"

ते गाडीकडे बघत म्हणाले, "माहा लहाना भाऊ होता. आम्ही दोघं सायकलनं चिखलदऱ्याले चाल्लो होतो. घाटात तो म्हणे, दादा, चहाले थांबू. मी म्हटलं, वर जाऊन पिऊ. मंग तो गप झाला. मले वाटलं, रुसला. मी मागं पाह्यलंच नाई. मागं पाह्यलं तवा तो रस्त्यात पडला होता. बत्तीस वर्षांचा."

ज्या माणसानं स्वतःचा भाऊ असा चढावर गमावला, त्यानं पुन्हा दुसऱ्या कुणाला चढावर बरोबर न्यायचं, रोज न्यायचं, याला काय काळीज लागलं असेल! आज मी वडिलांपेक्षा तीस वर्षं जास्त जगलोय. ती सगळी त्यांनी दिलेली आहेत.

तिथेच, फलाटावर, मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "ऊठ बे, लोक पाहून रायले," ते म्हणाले. पण मला उठवायला हात काही पुढे आला नाही. त्यांना स्वतःचे डोळे पुसायचे होते.