बसायला आले होते

आमच्या वस्तीत बायका संध्याकाळी एकमेकींकडे बसायला जातात. काम काही नसतं. साखर मागायची नसते की कुणाचं लग्न जमवायचं नसतं, नुसतं बसायचं असतं. आई शेजारच्या मावशीच्या ओट्यावर टेकायची अन् म्हणायची, "बसाले आली व." मावशी म्हणायची, "बस ना माय." झालं. मावशी तांदूळ निवडत असली तर आईचा हात आपोआप सुपात जायचा. कधी गप्पा रंगायच्या, कधी अर्धा अर्धा तास दोघी तोंड उघडायच्या नाहीत. मग आई गुडघ्यावर हात टेकून उठायची. "येतो मंग." कुणी जर विचारलं असतं, "काऊन आली, काही काम होतं का?" तर आई त्या घराची पायरी पुन्हा चढली नसती.

हे भद्रावतीचं. बाबा कारखान्यात मजुरीला, वस्तीच्या मागे कोळशाची खाण, दुपारी सुरुंग उडाला की मांडणीवरची ताटं वाजायची. गजबज एवढी की शांत बसून अभ्यास करायला मी विहारात जायचे. एकटं राहायला मिळावं म्हणून जीव टाकायचे. अन् मिळालं बापा एकदाचं! एम. ए. साठी गडचिरोलीला विद्यापीठात आले, वसतिगृहात खोली मिळाली, अन् दिवाळीआधीच माझ्या खोलीतल्या मुलीचं लग्न ठरून ती निघून गेली. दोन खाटा, दोन कपाटं अन् मी.

वर्गातल्या बहुतेक मुली चामोर्शी, आरमोरीकडून रोज एसटीने ये-जा करणाऱ्या. शेवटचा तास संपला की पिशव्या खांद्याला अडकवून पळायच्या. वसतिगृहात उरलेल्या आम्ही मोजक्या, त्याही जेवताना मोबाईलमध्ये डोकं घालून. त्यात आसपास वाघ दिसल्याची बातमी आली की वॉर्डनबाई दिवस मावळायच्या आत फाटकाला कुलूप ठोकायच्या. खिडकीतून सागाची झाडं दिसायची. सागाची झाडं किती वेळ बघणार माणूस? मला फार एकटं वाटायचं. सरळच सांगते, त्यात लपवण्यासारखं काय आहे! रात्री आईचा फोन आला की मी आवाज मोठा करून सांगायचे, "मस्त आहे मी." फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

त्याच वर्षी आम्हाला नवीन पेपर लागला होता, अकॅडेमिक इंग्रजी आणि आंतरसांस्कृतिक संवाद. सर नागपूरचे, आवाज असा की माईकची गरज नाही. त्यांचा एकच धोशा, "हेतू सांगा! पहिल्याच वाक्यात हेतू सांगा! हेतू नाही तो परिच्छेद कचऱ्यात." आम्ही मराठी माध्यमाची पोरं. आजी-आजोबांची चौकशी केल्याशिवाय मुद्द्यावर यायची आम्हाला सवय नाही. माझ्या पहिल्या निबंधावर सरांनी लाल पेनाने लिहिलं होतं की मुद्दा तिसऱ्या पानावर भेटला.

दिवाळीनंतर सरांच्या मदतीला एक पाहुणी आली. युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातली, वनहक्कावर पीएच. डी. करणारी. दिवसा गावांमध्ये फिरायची, आठवड्यातून दोन तास आम्हाला इंग्रजी लिहायला शिकवायची. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. वसतिगृहात तिला खोली दिली ती नेमकी माझ्या शेजारची.

पहिल्याच संध्याकाळी पाहिलं तर तिचं दार उघडं, ती खाटेवर मांडीवर लॅपटॉप घेऊन एकटी. मला कसंतरीच वाटलं. एवढ्या लांबून आलेली पोर, ना आई ना बाप, अन् कुणी विचारायला नाही. मी सरळ आत गेले अन् समोरच्या रिकाम्या खाटेवर बसले.

तिने मान वर केली. हसली. "काही हवं होतं का?"

"नाही."

"अभ्यासातलं काही?"

"नाही. मी बसायला आले," मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. वाक्य बरोबर होतं, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं की पोचलं काहीच नाही. तिने बिस्किटाचा पुडा पुढे केला. लॅपटॉप बंद केला. मग एकेक प्रश्न विचारत गेली, घरी कोण असतं, विषय कोणता, पुढे काय करणार. मी तोंडी परीक्षेसारखी उत्तरं दिली. मला म्हणायचं होतं, बाई, तू तुझं काम कर ना, मी आहे इथे. पण हे इंग्रजीत कसं म्हणतात ते ना सरांनी शिकवलं होतं ना पुस्तकात होतं.

दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्याही दिवशी गेले. मग तिचं दार संध्याकाळी बंद राहू लागलं. मला वाटलं डासांमुळे. खरंच वाटलं! मी दार वाजवून जाऊ लागले. शेवटी एके दिवशी तिने मला समोर बसवून, अगदी हळू आवाजात समजावलं. हा सांस्कृतिक फरक आहे, तुझं काही चुकलं नाही, पण मला संध्याकाळी माझा असा वेळ लागतो. तुला काही विचारायचं असेल तर आपण वेळ ठरवू. मंगळवार आणि शुक्रवार, पाच ते साडेपाच, चालेल?

"चालेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खोलीत येऊन दार लावलं तेव्हा कान गरम झाले होते. लाज वाटत होती अन् रागही येत होता. अर्ध्या तासाची वेळ तर दवाखान्यातला डॉक्टर देतो.

तरी मी गेले. मंगळवारी गेले, शुक्रवारी गेले. पण आता रिकाम्या हाताने जाता येईना, म्हणून प्रश्न तयार करून न्यायचे. पूर्वपक्ष कुठे मांडायचा? दुसऱ्याचं मत खोडताना उद्धट न वाटता कसं खोडायचं? "असे दिसते" अन् "असे आहे" यात किती जोर कमी-जास्त करायचा? प्रश्न काढायला म्हणून मी ग्रंथालयात बसू लागले. ती खूश व्हायची. "फार चांगला प्रश्न!" असं म्हणून खाटेवरून पुढे सरकायची. माझं इंग्रजी झपाट्याने सुधारलं, सर वर्गात कौतुक करू लागले. कुणाला काय ठाऊक की मला त्या प्रश्नांशी घेणं-देणं नव्हतं. मला त्या खाटेवर अर्धा तास टेकायला मिळायचं, बस.

एका शुक्रवारी साडेपाच वाजायला आले अन् लाईट गेली. आभाळ भरून आलं होतं, खोलीत काही दिसेना. आम्ही दोघी बाहेर व्हरांड्यात येऊन पायरीवर बसलो. माझ्याकडे घरून आणलेल्या चिंचा होत्या. मी टरफलं काढू लागले तशी तीही काढू लागली. बराच वेळ आम्ही चिंचाच सोलत होतो. मग तिने आपणहून सांगितलं की अठराव्या वर्षापासून ती एकटी राहते, जेवतेही एकटीच, आई दुसऱ्या शहरात असते अन् भेटायचं तर आधी महिनाभर ठरवावं लागतं. "आईला भेटायला?" मी विचारलं. ती हसली. "हो, आईलाच." लाईट आली तरी ती उठली नाही. घड्याळाकडे पाहिलंही नाही. मीही पाहिलं नाही.

त्या रात्री आईला मी खरं बोलले. "आई, मले मैत्रीण भेटली."

"कोनती व?"

"बाहेरदेशातली. गोरी."

"अगं माय! घरी आन ना मंग तिले. काऊन, सुकट खाते का थे?"

"खाईन ना थे."

"मंग पुढच्या रविवारी घेऊन ये. मी मावशीले सांगून ठेवतो."

मी म्हटलं विचारते. मंगळवारी विचारायचं ठरवलं. तीन दिवस मनातल्या मनात वाक्य घोळवत होते, एकदा फार औपचारिक वाटायचं, एकदा फार लाडिक. गडचिरोलीहून चंद्रपूरची गाडी, तिथून भद्रावती, आई ओट्यावर उभी असेल, वस्ती गोळा होईल. मला इतका आनंद झाला होता की मेसमधली पातळ डाळसुद्धा गोड लागली.

मंगळवारी सकाळी इंग्रजीचा तास होता. सरांनी प्रत्येकाला एकेक छापील पान वाटलं. "मॅडमच्या लेखाचा कच्चा मसुदा आहे, इथे काम करताना आलेल्या अनुभवांवरचा. परिच्छेद कसा बांधतात ते बघा. दावा, पुरावा, निष्कर्ष. एक नंबर नमुना." ती टेबलाजवळ उभी होती, थोडी संकोचून.

मी वाचू लागले. सोपं होतं, आता मला असं इंग्रजी कळायचं. लिहिलं होतं की या भागात पूर्वसूचनेशिवाय भेटी देण्याची पद्धत दिसते. एका स्थानिक विद्यार्थिनीच्या रोजच्या भेटींना कोणताही विशिष्ट हेतू आढळला नाही. मर्यादा स्पष्ट केल्यावर मात्र तिने ठरावीक वेळापत्रक यशस्वीपणे आत्मसात केलं. शेवटी व्हरांड्यातल्या चिंचासुद्धा होत्या. कामाच्या निमित्ताने संशोधक आणि माहितीदार यांच्यात विश्वास निर्माण होतो, याचा पुरावा म्हणून.

माझ्या मागच्या बाकावरची मुलगी कुजबुजली, "कोन व हे येडी?" दोघी-तिघी खिदळल्या. मी पानावरून मान वर केली नाही. माहितीदार! घरी मी मैत्रीण म्हणून सांगून बसले होते.

"चला," सर म्हणाले, "कोण बोलतं? या परिच्छेदात काही उणीव? तू बोल. तुझं इंग्रजी हल्ली एकदम फर्स्ट क्लास आहे." बोट माझ्याकडे होतं.

मी उभी राहिले. आवाज नाही थरथरला. त्याचं मला आजही नवल वाटतं. मी पाहिलं सरांकडे नाही, तिच्याकडे.

"रचना चांगली आहे," मी इंग्रजीत म्हटलं. "पण यातला दावा चूक आहे. भेटींना हेतू नव्हता असं लिहिलंय. हेतू होता."

"कोणता?" सरांनी विचारलं.

"ती मुलगी एकटी होती. अन् तिला वाटलं, मॅडमही एकट्या आहेत. एकट्या माणसाजवळ जाऊन बसायचं असतं. तेवढाच हेतू होता."

खिदळणं थांबलं. मागचीला कळलं असावं. पाहुणीचा चेहरा लाल झाला, गोऱ्या कातडीवर ते लगेच दिसतं. ती काहीतरी बोलणार असं वाटलं. मी वाट पाहत होते. काहीही चाललं असतं मला, माझ्या नावाने नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं.

"हे फार महत्त्वाचं आहे," ती म्हणाली. आवाज अगदी मऊ होता, व्हरांड्यातल्यासारखाच. तिने टेबलावरचं पेन उचललं. "हे मी लेखात वापरू का? तुझं नाव कुठेही येणार नाही, काळजी करू नको."

"व्हेरी गुड!" सर म्हणाले. "बघा, आता परिच्छेद पूर्ण झाला."

सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, "वापरा." तिने माझी वाक्यं समासात जशीच्या तशी उतरवून घेतली, एक शब्द पुन्हा विचारून खात्री केली, अन् खाली त्या दिवसाची तारीख टाकली.