भोंग्याचा बारीक आवाज

आमच्या ह्यांना डेपोत सगळे 'भोंगा' म्हणायचे. बस चालवायचे ना! शेवटच्या सीटवर झोपलेल्या माणसाला पुढून हाक मारून उठवतील, असा आवाज. आणि एक खोड हाडात मुरलेली: ड्युटीवर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. प्यायलं की मध्येच गाडी थांबवावी लागते.

पुढे ह्यांना कॅन्सर झाला. तो गेला, पण रेडिएशननं मूत्राशय आतून भाजून निघालं. लघवीतून रक्त जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घ्या, जखम हळूहळू भरेल. आणि पाणी भरपूर प्या. खोली कसली, लोखंडी टाकीच ती, गोल काचेची खिडकी असलेली! आत पेशंट समोरासमोर, तोंडावर मास्क. एकदा दाब चढला की दार चटकन उघडता येत नाही. कुणाला लघवीला लागलीच तर आतली नर्स पडदा ओढते आणि बाटली देते.

आठवडे गेले, रक्त थांबेना. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर हे ऑक्सिजनचे उपचार बंद करावे लागतील. घरी येऊन बघते तर गॅलरीतली कुंडी तुडुंब! मी भरून दिलेला तांब्या रोज तिथे रिकामा होत होता.

"अहो, रक्त कुंडीला जातंय की तुम्हाला?" मी कडाडले.

मान खाली घालून म्हणाले, "टाकीत समोर त्या शिक्षिकाबाई बसतात. त्यांच्यादेखत बाटली मागू?"

"मागायची! लाज कसली त्यात? जीव गेल्यावर काय चाटायचीय ती लाज?"

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर गुपचूप दोन तांबे प्यायले. मी खिडकीपाशी उभी राहिले. थोड्या वेळानं भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला, इतका बारीक की मला आधी ओळखूच येईना.

"सिस्टर... मला जायचंय."

माझ्यामागे बाकावर बाकीच्यांचे नातेवाईक बसले होते. कुणीतरी उगाच खाकरलं. नर्सनं पेशंटांच्या बाजूचा पडदा ओढला, पण खिडकीकडची बाजू उघडीच राहिली. हे बाटली हातात धरून माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले. मी पाठ फिरवली आणि पिशवीत चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

घरी आलो. दारात चपला काढताना हे म्हणाले, "लोकांचं सोड गं. तू का पाठ फिरवलीस?"

माझं तोंड म्हणजे तोफखाना, अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. पण तेव्हा मी वाकून ह्यांच्या चपला सरळ करत बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

हे स्वयंपाकघरात गेले, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. तांब्या पालथा घालून हळूच म्हणाले, "उद्यापासून मी एकटा जाईन."

हे ओरडले असते तर मी भांडले तरी असते.