सहाशे ग्रॅमचा संशय

बुधवारी सकाळी पावणेसहाला अस्सूची सायकल घरामागच्या कोठीत काट्याला टांगलेली होती. सफरचंदांच्या पेट्या तोलायचा तो काटा मे महिन्यात रिकामाच लोंबत असतो. अस्सूने हेलकावणारी सायकल दोन्ही हातांनी थांबवली, हात काढले आणि आकडा पाहिला. चौदा किलो दोनशे. पंधरा दिवसांपूर्वी ती तेरा सहाशे भरली होती.

“पुन्हा वाढलं,” तो म्हणाला.

त्याची बायको इत्तो पिठाचे हात घेऊन दारात उभी होती. “सायकल आहे की गाभण शेळी?”

अस्सू हसला नाही. अलीकडे तो कशालाच हसत नव्हता.

त्रेपन्न वर्षांचा अस्सू वीसेक वर्षं शहरातल्या पाहुण्यांना सायकलवरून खिंडीपलीकडे नेत होता. खिंडीखालचा शेवटचा चढ खेचरांच्या वाटेचा. तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि पुढच्या वाटाड्याने पाहुण्यांच्या आधी वर पोचलेलं असावं, असा दंडक आहे. या महिन्यात दोनदा पाहुणे वर उभे राहून त्याची वाट बघत होते. अतिथीगृहाची आणि पाहुण्यांच्या सायकलींची मालकीण रहमा, तिने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “आणखी एकदा असं झालं की युबा पुढे. तू मागे, सामानाच्या खेचरांबरोबर.” युबा म्हणजे त्याच्या बहिणीचा मुलगा, चोवीस वर्षांचा, आणि खिंड चढताना गाणी म्हणणारा.

नवी हलकी सायकल घेण्याची ऐपत नव्हती. मग अस्सूने जुनीच सोलायला घेतली. स्टँड, घंटी, चिखलपट्ट्या, चकाकणारे दिवे काढले. हँडलची टोकं करवतीने दोन-दोन बोटं कापली. सीटचा दांडा आतून उगाच लांब होता, तोही कापला. सीटखाली दांड्याभोवती रबराची एक टोपी होती, ती बिनकामाची म्हणून फेकली. काटेरी झुडपांच्या भीतीने टायरच्या आत घातलेल्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या काढल्या. हत्यारांच्या पिशवीतून तीन पाने कमी केले. फुकटात सायकल सव्वादोन किलोंनी उतरली.

आणि मग ती चढू लागली.

सायकली रात्री रहमाच्या गोदामात असतात; पहाटे तिने दार उघडलं की अस्सू आपली घरी आणून तोलायचा. गोदामाला किल्ल्या दोन. एक रहमाकडे, दुसरी युबाकडे. अस्सूला यापुढे फार विचार करावा लागला नाही. पोराने चाकं बदलली असणार. दिसायला सारखी, पण आतून जड.

त्याने इत्तोच्या मागावरून लाल लोकरीचा धागा घेतला आणि पुढच्या चाकाच्या एका तारेला, मागच्या चाकाच्या आसाला आणि सीटखाली लपवून गाठी मारल्या. पाच दिवसांनी गाठी जागच्या जागी होत्या आणि वजन वाढलेलं होतं. मग काट्यावर संशय आला. घरात साखरेचा नवा सुळका होता, निळ्या कागदात गुंडाळलेला, शंकूच्या आकाराचा दोन किलोंचा गड्डा. तो टांगला. काट्याने बरोबर दोन किलो दाखवले.

“आता साखरेला विचार, ती कुणाच्या बाजूची,” इत्तो म्हणाली.

मंगळवारी संध्याकाळी त्याने रहमासमोरच युबाला धरलं होतं. “माझ्या सायकलीला काय लावतोस रात्री?”

“काय लावू, मामा?”

“ते तूच सांग. किल्ली तुझ्याकडे असते.”

रहमा चहा ओतता ओतता थांबली. “अस्सू, सामान चोरून नेलेलं ऐकलंय. चोरून आणून लावलेलं पहिल्यांदाच ऐकते.”

“लल्ला रहमा,” मालकिणीला मानाने ‘लल्ला’ म्हणायची रीत अस्सूने रागातही सोडली नाही, “ज्याला पुढे यायचंय तो काहीही लावेल.”

युबाने किल्ली टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला. हे निघून जाणंही अस्सूने संशयाच्याच खात्यात मांडलं.

बुधवारी आकडा पाहून झाल्यावर अस्सूने सायकल खाली घेतली. दांडा आणखी चार बोटं कापायचा, एवढाच उपाय उरला होता. त्याने सीट ओढून काढली. दांड्याचं टोक ओलं होतं, गाळाने माखलेलं. त्याने दांडा बसतो त्या सांगाड्याच्या नळीत बोट घातलं, मग सायकल उचलून उलटी केली.

तांबूस पाणी आधी त्याच्या पायजम्यावर पडलं, मग चपलांवर. मागोमाग गाळ आला, ओल्या पिठासारखा, गचकन.

“बाळंत झाली,” इत्तो म्हणाली.

अस्सू खाली बसून बघत राहिला. वितळलेल्या बर्फाने भरलेली नदी रोज दोनदा उथळ जागी सायकलवरून ओलांडावी लागते. मागचं चाक पाणी उडवतं ते थेट सीटच्या दांड्यावर, आणि तिथली फट झाकणारी रबराची टोपी त्यानेच फेकली होती. पॅडलच्या आसाखाली पाणी निघून जायला एक छिद्र असतं. नदीचं पाणी त्यातूनच आत येतं असं समजून एप्रिलमध्ये त्याने ते मेणाने बुजवलं होतं. वाटेत आतून गुडगुड ऐकू यायची. ती तो पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची समजत होता.

त्याने मेण खिळ्याने उकरलं. सायकल पुन्हा टांगली. तेरा सहाशे.

गोदामापाशी युबा पाहुण्यांच्या सायकलींत हवा भरत होता. अस्सूने मेणाची गोळी त्याच्यासमोर धरली.

“हे तुला माहीत होतं?”

युबाने हवा भरणं थांबवलं नाही. “दोन आठवडे झाले. तेल घालताना दिसलं.”

“आणि बोलला नाहीस.”

“बोललो असतो तर काय म्हणाला असता, मामा? माझ्या सायकलीखाली काय करत होतास, हेच ना?”

अस्सू नेमकं तेच म्हणाला असता. पण दोन आठवडे पोरगा ते वजन मामाच्या खांद्यावर चढताना बघत होता, हेही खरंच होतं. कुठलं किती खरं, ते त्याला ठरवता येईना.

त्या दिवशी अस्सू पाहुण्यांच्या आधी खिंडीत पोचला. फार आधी नाही. पहिला पाहुणा वर आला तेव्हा तो अजून गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. युबाने ते मागून पाहिलं. संध्याकाळी रहमाने विचारल्यावर एवढंच म्हणाला, “मामा आधी होते.”

रहमाने आठवडाभरासाठी अस्सूला पुढे ठेवलं. टेबलावरची किल्ली अस्सूने उचलली, थोडा वेळ हातात खेळवली आणि युबाला परत दिली. “एका अटीवर,” तो म्हणाला. युबाने अट ऐकली आणि मान डोलावली.

उद्या गुरुवारी पाहुणे सहाला निघतील, पुढे अस्सू, मागे युबा. त्याआधी, अटीप्रमाणे, पावणेसहाला युबा गोदामातून आणलेली सायकल मामाच्या कोठीत उलटी धरेल आणि अस्सू काटा वाचेल.